सोलोईची माणसं

पालकहो,

मागच्या पालकसभेनंतरची गोष्ट. सभा संपली, सह्या झाल्या, वर्ग रिकामा झाला, तरी एक आई दाराशी थांबून होत्या. सोबत चौथीतला मुलगा. सगळे गेल्याची खात्री करून त्या जवळ आल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, “बाई, ह्याचं मराठी तेवढं सुधारा हो. सुट्टीत दोन महिने आजीकडे राहून आला, तेव्हापासून पानी, लोनी, मले, व्हतं असंच चाललंय. चारचौघांत मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.”

त्या बोलत होत्या तोवर मुलगा दप्तराच्या पट्ट्याचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होता. गुंडाळायचा, सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा. बोटाचं टोक पांढरंफटक पडलं होतं. मी त्याला विचारलं, “आजीकडे काय काय केलंस रे?” त्याने आधी आईकडे बघितलं, मग जमिनीकडे. बोलला काहीच नाही. सांगण्यासारखं त्याच्याकडे पुष्कळ होतं, ते डोळ्यांत दिसत होतं. कोणत्या शब्दांत सांगावं, तिथे त्याची गाडी अडली होती.

ते बोट काही केल्या माझ्या डोळ्यांसमोरून हलेना, म्हणून आज तुमच्याशी हे हितगुज. मी तीस वर्षं मराठी शिकवते आहे. मुलांच्या तोंडच्या आणि वहीतल्या चुका शोधणं, त्या दुरुस्त करून घेणं हेच माझं काम. तेव्हा चुकीला चूक म्हणू नका, असं मी सांगणार नाही. पण चूक कशाला म्हणायचं आणि ती मुलाला कशी सांगायची, याबद्दल मनात बरंच साठलं आहे.

इंग्रजीत एक शब्द आहे, सॉलिसिझम. वाक्याच्या बांधणीत झालेली ढोबळ चूक, म्हणजे कर्ता एका वाटेने आणि क्रियापद दुसऱ्याच वाटेने, तिला सॉलिसिझम म्हणतात. आणि चारचौघांत वागताना झालेल्या चुकीलाही हाच शब्द. आपल्याकडे या दोन्हींना मिळून एकच शब्द नाही. संस्कृत पंडित व्याकरणाच्या चुकीला ‘अपशब्द’ म्हणत, पण आज अपशब्द म्हटलं की शिवीच आठवते. वागण्यातल्या चुकीला आपण ‘रीत नाही’, ‘पाचपोच नाही’ असं म्हणतो. दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कशा आल्या, या कुतूहलाने मी त्या शब्दाच्या मागे लागले, आणि जिथे जाऊन पोचले तिथे एक गाव निघालं.

त्या गावाचं नाव सोलोई. आजच्या तुर्कस्तानात, मेर्सिन शहराला लागून, भूमध्य समुद्राच्या काठी त्याचे अवशेष आहेत. त्या मुलखाला तेव्हा किलिकिया म्हणत. ग्रीक माणसं समुद्र ओलांडून तिथे जाऊन राहिली. ती नेमकी कुठून आली याबद्दल जुन्या लेखकांत एकमत नाही. डायोजिनीस लेअर्शियसने दिलेली हकिकत अशी की, अथेन्सचे कायदे करणाऱ्या सोलोनने हे गाव वसवलं आणि काही अथेन्सकर तिथे नेऊन ठेवले. शेजारपाजार परक्या भाषेचा, बाजार त्यांचा, कामकरी माणसं त्यांची. दिवस गेले, पिढ्या गेल्या, आणि या लोकांची ग्रीक बदलली. अथेन्सला आले की ती माणसं तोंड उघडताच ओळखू येत. मग ‘सोलोईकरासारखं बोलणं’ असं एक क्रियापदच ग्रीकमध्ये तयार झालं. त्यावरून लॅटिन शब्द आला, लॅटिनवरून इंग्रजी. दोन हजारांहून जास्त वर्षं झाली, गाव मोडलं, बंदर गाळाने भरलं, पण गावाचं नाव अजून चूक या अर्थाने चालू आहे.

हे वाचून मी पुस्तक मिटून बसले. ती माणसं चुकत नव्हती हो. ती आपल्या आईसारखं, शेजाऱ्यासारखं बोलत होती. त्यांच्या गावात सगळ्यांना सगळं समजत होतं. चूक कुठे झाली? अथेन्सच्या कानात.

आणि हेच गाव पुढे काय देऊन गेलं पाहा. अराटस नावाचा कवी इथला. त्याने ताऱ्यांवर रचलेलं काव्य इतकं गाजलं की रोमच्या सिसेरोने ते लॅटिनमध्ये नेलं. तत्त्वज्ञ क्रिसिपस इथलाच. अथेन्समध्ये स्टोइक विचारांची जी मोठी शाळा होती तिचा तो प्रमुख झाला, इ.स.पू. तिसऱ्या शतकात. त्याच्या नावावर सातशेहून जास्त ग्रंथ सांगितले जातात आणि त्यांच्या उरलेल्या यादीत एक ग्रंथ चक्क सॉलिसिझमवरचा आहे. ज्या गावाच्या नावाने लोक भाषेच्या चुका मोजत, त्या गावचा माणूस अथेन्समध्ये बसून चूक म्हणजे काय हे लिहितो. तो ग्रंथ आज उरलेला नाही. मिळाला असता तर मी आधी तोच वाचला असता.

आपलंही एक सोलोई आहे, तंजावर. शिवाजी महाराजांचे सावत्रभाऊ व्यंकोजी राजे 1675 च्या सुमाराला तिथे गादीवर बसले आणि त्यांच्याबरोबर गेलेली मराठी माणसं तिथलीच झाली. 1855 पर्यंत राज्य होतं. ते गेल्यावरही घराघरांत मराठी राहिली. तमिळांच्या शेजाराने तिच्या लकबी बदलल्या, शब्द बदलले. आज तंजावरकडचा एखादा मराठी माणूस घरातली मराठी बोलला तर पुण्यातली मुलं एकमेकांकडे बघतात. पण मराठीतली अगदी सुरुवातीची नाटकं लिहिली कुणी? तंजावरच्या शहाजीराजांनी, 1690 च्या आसपास. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये नाटक उभं केलं त्याच्या दीडशे वर्षं आधी. तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर 1803 चा लांबलचक शिलालेख आहे, तोही मराठीत. ज्यांची मराठी आपल्या कानाला ‘बिघडलेली’ वाटते, त्यांनी ती जपली किती, हे तिथे जाऊन बघण्यासारखं आहे.

आता त्या मुलाच्या ‘लोनी’कडे येते.

आपण ‘ण’ हा शुद्धपणाचा बिल्ला करून ठेवला आहे. मुलगा पाणी म्हणाला की शहाणा, पानी म्हणाला की अडाणी. पण पाणी हा शब्द आला कुठून? संस्कृतातल्या ‘पानीय’वरून. लोणी कुठून आलं? ‘नवनीत’वरून. दोन्ही शब्दांत मुळात ‘न’ आहे. प्राकृत बोलणाऱ्यांनी त्याचा ‘ण’ केला. त्या काळच्या एखाद्या कडक पंडिताने तो ऐकला असता तर कपाळाला हात लावला असता. म्हणजे आज ज्या ‘ण’साठी आपण मुलाचे कान पिळतो, तो ‘ण’ एके काळी चुकीच्याच खात्यात जमा होता. संस्कृतचा व्याकरणकार पतंजली याने महाभाष्यात ‘गो’ या शब्दाचे बिघडलेले उच्चार म्हणून काही शब्द दिले आहेत, त्यांत एक ‘गावी’ आहे. आपली गाय त्याच गोतातली.

आणि इतकं मागे तरी कशाला जायचं? माझ्या आजोबांची पत्रं माझ्याकडे आहेत. ‘मी काल पुण्यास गेलों’, ‘तुझें पत्र पोंचलें’, प्रत्येक शब्दावर टिंब. त्यांच्या शाळेत ते टिंब राहिलं की छडी बसायची. 1962 मध्ये लेखनाचे नवे नियम झाले, ज्यांचा उच्चार होत नाही असे अनुस्वार काढून टाकले, आणि आज माझ्या वर्गात कुणी तसं लिहिलं तर मला लाल खूण करावी लागते. आजोबा अशुद्ध लिहीत होते का?

तर पहिली गोष्ट मनाशी पक्की करायची ती ही की, मुलाच्या तोंडून निघालेला शब्द चूक आहे, की दुसऱ्या एखाद्या घरातला बरोबर आहे. मले, तुले, व्हतं ही वऱ्हाडातल्या हजारो घरांतली रूपं आहेत आणि ती नियमाने चालतात. तिथलं मूल ‘मले’ म्हणतं तसं ‘तुले’, ‘त्याले’ही म्हणतं. कुठेही घसरत नाही. त्याला व्याकरण येतं. आपल्या पुस्तकातलं नाही, एवढंच.

खरी चूक वेगळी. ‘माझी मदत कर’ म्हणणारं मूल चुकतं, कारण ते हिंदीच्या साच्यात मराठी ओततं. मराठीत ‘मला मदत कर’. ‘तो माझ्यावर हसला’ हेही हिंदी-इंग्रजीचं ओझं. आपण म्हणतो ‘तो मला हसला’. अशी वाक्यं आता मोठ्यांच्याही तोंडी आहेत, बातम्यांत आहेत, आणि ती कुणाला खटकत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. गंमत अशी की याबद्दल माझ्याकडे आजवर एकाही पालकाने तक्रार केलेली नाही. तक्रार येते ती ‘पानी’ची. हिंदी-इंग्रजीची चूक शहरी वाटते म्हणून चालते आणि आजीचा शब्द गावाकडचा म्हणून चालत नाही. हे भाषेवरचं प्रेम नाही. यावर प्रत्येकाने घरी एकदा शांतपणे विचार करावा.

आणखी एक प्रकार आहे, अगदी लहान मुलांचा. माझी नात अडीच-तीन वर्षांची असताना म्हणायची, “आजी, मी सगळं करलं.” ‘करलं’ हा शब्द तिने कुणाकडून ऐकला? कुणाकडूनच नाही. घरात सगळे ‘केलं’ म्हणतात. तिने ‘धरलं’, ‘भरलं’, ‘सारलं’ ऐकलं, त्यातला नियम मनातल्या मनात काढला आणि ‘कर’ला लावला. कुणी न शिकवता! अशी चूक करणारं मूल भाषा शिकत असतं. जे ऐकलेलं तेवढंच पोपटासारखं म्हणतं, ते ही चूक करणारच नाही. ‘करलं’ म्हणणाऱ्या मुलाला थांबवून “केलं म्हण, केलं, परत म्हण” असं घोकवून घेतलं की दोन गोष्टी होतात. एक, त्याला जे सांगायचं होतं ते राहून जातं. दुसरी, आपण बोललो की लोक आपल्या बोलण्याकडे बघतात, आपल्याकडे नाही, हे त्याला कळतं. मी नातीला एवढंच म्हणायची, “केलंस? काय काय केलंस?” ती म्हणायची, “हात धुवले, बाहुलीचे पण धुवले.” “बाहुलीचे पण धुतलेस? साबणाने?” बोलणं पुढे जायचं आणि बरोबर रूप तिच्या कानावर पडायचं. काही महिन्यांनी ‘करलं’ आपोआप गेलं. खरं सांगते, गेलं तेव्हा मला चुटपुट लागली.

आता लाजेबद्दल बोलायचं आहे, कारण सगळं दुखणं तिथे आहे.

आपल्या पैठणची एक गोष्ट आहे. कथासरित्सागरात येते. काश्मीरच्या सोमदेवाने तो ग्रंथ अकराव्या शतकात रचला, पण गोष्ट प्रतिष्ठानची, म्हणजे पैठणची, आणि सातवाहन राजाची. इतिहास म्हणून ती घेऊ नका, गोष्ट म्हणून ऐका. वसंतातला दिवस. राजा राण्यांबरोबर बागेतल्या पाण्यात खेळत होता. एकमेकांवर पाणी उडवणं चालू होतं. एक राणी दमली आणि संस्कृतात म्हणाली की, मला आता पाण्याने मारू नका. ‘मा’ म्हणजे नको, ‘उदकैः’ म्हणजे पाण्याने. दोन्ही शब्द जोडले की संधी होऊन ‘मोदकैः’ होतं. राजाच्या कानाला मोदक ऐकू आले. त्याने लगेच माणसं पाठवून मोदक मागवले! राणी हसली. पाण्यात मोदक कशाला हवेत, एवढी साधी संधी तुम्हाला कळू नये, असं बोलली. दासी हसल्या. भोवतालचे सगळे हसले.

राजा पाण्यातून बाहेर आला. महालात गेला आणि अंथरुणाला खिळला. खाणं सोडलं, बोलणं सोडलं. वैद्य आले, प्रधान आले, कुणाशी एक शब्द नाही. एवढा मोठा राजा, एका शब्दाने जमिनीला टेकला.

पुढे गुणाढ्य आणि शर्ववर्मा हे त्याच्या दरबारातले दोन पंडित त्याच्याकडे गेले. गुणाढ्य म्हणाला, व्याकरणाला बारा वर्षं लागतात, मी सहा वर्षांत शिकवीन. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवीन. पैज लागली. शर्ववर्म्याने कातंत्र नावाचं सोपं व्याकरण आणलं आणि राजा खरंच शिकला. गुणाढ्य पैज हरला, ठरल्याप्रमाणे त्याने संस्कृत, प्राकृत आणि लोकभाषा तिन्ही सोडल्या. भाषाच उरली नाही म्हणून तो मुका होऊन विंध्याच्या रानात गेला. तिथे पैशाची ही पिशाचांची मानलेली भाषा शिकला आणि तिच्यात सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. राजाने ती नाकारली. भाषा हलकी म्हणून. गुणाढ्याने मग टेकडीवर आग पेटवली आणि एकेक पान वाचून दाखवून आगीत टाकू लागला. रानातली जनावरं भोवती उभी राहून ऐकत होती, डोळ्यांतून पाणी काढत होती. सहा लाख श्लोक जळले. राजा धावत आला तेव्हा एक लाख उरले होते.

ही गोष्ट मी वर्गात कितीतरी वर्षं मोदकांचा विनोद म्हणून सांगत आले. मुलं खूप हसतात. आता मला ती वेगळी दिसते. ज्याला भाषेवरून हसले, तोच पुढे दुसऱ्याच्या भाषेला हलकी म्हणाला. हसण्याचा घाव त्याने पुढच्याकडे ढकलला. आणि मुळात त्या राजाचं चुकलं होतं काय? खऱ्या सातवाहनांचे नाणेघाटातले, नाशिकच्या लेण्यांतले लेख प्राकृतात आहेत. गाथासप्तशती ज्या हालाच्या नावावर आहे तो सातवाहनच, आणि त्या सातशे गाथाही महाराष्ट्री प्राकृतातल्या, शेतातल्या-गावातल्या माणसांच्या. जी भाषा त्या घराण्याने मोठी केली, त्याच घराण्याचा राजा दुसऱ्या भाषेतल्या एका संधीपायी अंथरूण धरतो.

त्या आईंना मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावून घेतलं. ही गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “बाई, मी बुलढाण्याकडची. बारावी करून पुण्याला आले. पहिल्याच आठवड्यात सरांनी काहीतरी विचारलं आणि मी उभी राहून म्हणाले, ‘मले माईत नाई सर.’ सगळा वर्ग हसला. सरसुद्धा हसले. त्या वर्षी मी वर्गात परत तोंड उघडलं नाही. आता आईशी फोनवर बोलतानासुद्धा मी इकडचंच बोलते. तिला वाटतं पोरगी मोठी झाली.”

मग मला कळलं, त्या मुलाला सुधारायला आल्या नव्हत्या. वाचवायला आल्या होत्या.

वागण्यातल्या चुकीचंही असंच. सॉलिसिझम हा शब्द तिकडे कसा सरकला, त्याचा एक प्रसंग फिलोस्ट्रेटस नावाच्या ग्रीक लेखकाने लिहून ठेवला आहे. दुसऱ्या शतकात स्मर्ना शहरात नाट्यस्पर्धा चालू होती. एक नट आकाशातल्या देवाला ‘हे झ्यूस’ म्हणाला आणि हात केला जमिनीकडे. ‘हे धरणी’ म्हणाला आणि हात वर आकाशाकडे. पोलेमॉन नावाचा वक्ता तिथे प्रमुख होता. तो म्हणाला, या माणसाने हाताने सॉलिसिझम केला. आणि त्याला स्पर्धेतून काढून टाकलं. म्हणजे बोलण्यात जसं व्याकरण, तसं हात हलवण्यातही.

आपल्या घराघरांत असं व्याकरण भरलेलं आहे, आणि ते कुठल्या पुस्तकात नाही. निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. नारळ फोडला म्हणायचं नाही, वाढवला म्हणायचं. बांगडी फुटली नाही, वाढवली. प्रसाद डाव्या हाताने घ्यायचा नाही. पुस्तकाला पाय लागला की हात लावून नमस्कार. हे सगळं मुलाला आपोआप कसं येईल? आणि घरागणिक ते बदलतं. कोकणात कितीतरी घरांत आजोबांनाही ‘तू’ म्हणतात आणि त्यात माया असते. तेच मूल दुसऱ्या घरी जाऊन तिथल्या आजोबांना ‘तू’ म्हणालं की ‘काही वळण नाही’ असा शिक्का बसतो.

माझा मुलगा पाच वर्षांचा असताना घरी माझी मावशी आली होती. पानं वाढली होती, सगळे जेवत होते. त्याने मोठ्याने विचारलं, “मावशीआजी, तू कधी जाणार?” घास हातात राहिले. मी त्याला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं, रागावले, दारामागे उभं केलं. रात्री झोपताना त्याने हुंदके देत सांगितलं, मावशीआजीला सोडायला एस.टी. स्टँडवर जायचं होतं त्याला. मागच्या वेळी ती निघाली तेव्हा तो झोपलेला होता, उठला तर ती नव्हती. या वेळी तसं व्हायला नको, म्हणून आधीच विचारून ठेवत होता. “जाणार विचारू नये, किती दिवस राहणार असं विचारावं” एवढं वाक्य मी त्याला जवळ घेऊन सांगितलं असतं तर पुरलं असतं. त्या दारामागच्या अर्ध्या तासाची भरपाई मला आजवर करता आलेली नाही.

रोममध्ये पहिल्या शतकात क्विंटिलियन नावाचा शिक्षक होऊन गेला. वक्त्याचं शिक्षण कसं असावं यावर त्याने बारा खंड लिहिले आणि सुरुवात केली ती पाळण्यापासून. मुलाला सांभाळणाऱ्या दाईचं बोलणं चांगलं असावं, कारण मूल पहिलं ऐकणार ते तिचं, असं तो सांगतो. भाषेबाबत इतका काटेकोर माणूस, सॉलिसिझमचे प्रकार त्याने बारकाईने मांडले आहेत. आणि तोच माणूस, मुलांना मारून शिकवणं सर्रास चालू होतं त्या काळात, मारण्याच्या विरोधात लिहितो. काटेकोरपणा आणि माया एका जागी राहू शकतात, हे मला त्याच्याकडून कळलं.

तेव्हा प्रमाण मराठी शिकवूच नका असं मी म्हणत नाही. शिकवा, आग्रहाने शिकवा. मुलाला अर्ज लिहायचा आहे, परीक्षा द्यायची आहे, परगावच्या माणसाशी बोलायचं आहे, त्यासाठी सगळ्यांची मिळून एक भाषा लागते. पण ती दुसरी भाषा म्हणून द्या, पहिली हिसकावून घेऊन नका देऊ. पतंजलीनेच एक हकिकत सांगितली आहे. काही ऋषी होते, मोठे ज्ञानी. एरवीच्या बोलण्यात ते शब्द इतके मोडून बोलत की लोकांनी त्या मोडक्या शब्दांवरूनच त्यांचं नाव ठेवलं, यर्वाण-तर्वाण. पण यज्ञाला बसले की उच्चार चोख. पतंजलीला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरची भाषा घरी, यज्ञाची यज्ञात. बावीसशे वर्षांपूर्वीच्या कडक व्याकरणकाराला जे चाललं, ते आपल्याला का चालू नये?

आणि दुरुस्ती करायचीच झाली तर चारचौघांत नको. पाहुण्यांसमोर नको, भावंडांसमोर नको, आणि बोलणं मध्येच तोडून तर मुळीच नको. बोलून होऊ द्या. अर्ध्या तासाने, अंथरूण घालताना, भाजी निवडताना सांगा.

वर्गात मी नंतर ‘आजीचं घर’ हा विषय निबंधाला दिला. तो मुलगा तासभर मान खाली घालून लिहीत होता. वही हातात आली तेव्हा मी ती उभ्याउभ्याच वाचली. आजी पहाटे डेऱ्यात दही ओतते, रवीने घुसळते, दोर ओढायला त्याला बोलावते. गोळा वर आला की आवाज बदलतो, असं त्याने लिहिलं होतं. रवीचा दोर हा शब्द वर्गातल्या दुसऱ्या कुणालाही ठाऊक नसावा. सगळीकडे ‘लोणी’ होतं, ‘पाणी’ होतं. फक्त एका ठिकाणी, आजीच्या तोंडचं वाक्य होतं तिथे, त्याने अवतरणचिन्हं टाकून लिहिलं होतं, “आधी लोनी खाय, मंग भाकर. मोठा झाला म्हंजे म्हनशीन, आजीनं देल्लं व्हतं.”

मी विचारलं, “इथे लोनी का रे लिहिलंस?”

“बाई, ते आजी बोलतेय ना,” तो म्हणाला.

मी तिथे लाल पेन टेकवलं नाही. पात्राच्या तोंडचं बोलणं बोलल्यासारखं लिहायची मोकळीक नियमांतही आहेच.

शाळा सुटल्यावर फाटकापाशी त्याच्या आई उभ्या होत्या. वही मी त्यांच्याच हातात दिली. त्या मनात वाचत होत्या, ओठ हलत होते. आजीच्या वाक्यापाशी आल्या आणि तेवढं त्यांनी मोठ्याने वाचलं. वाचलं म्हणजे काय, बोलल्या. तीच ओढ, तोच हेल, ‘मंग’वरचा तोच झोका. वाक्य संपलं तरी मान वर केली नाही.

मुलगा त्यांच्याकडे बघतच राहिला.

“आई,” तो म्हणाला, “तुले पण येतं?”